कोरं शीड

लग्नघरात कुणी 'कापड कोरंच हवं' म्हटलं की माझं डोकं फिरतं. सुना आताशा माझ्यासमोर तो शब्द काढत नाहीत. बस्ता आणला की गुपचूप आतल्या खोलीत नेऊन ठेवतात आणि म्हातारीला चळ लागलाय असं एकमेकींत कुजबुजतात. कुजबुजू देत. चळबिळ काही लागलेला नाही. मला सगळं लख्ख आठवतंय, तेच तर दुखणं आहे.

आमचं गुजरांचं घर. तापीच्या काठाला पिढ्यान्‌पिढ्या कापूस नि केळी करणारी माणसं आम्ही. माझे वडील रूपचंद, गावात मान असलेले, पण स्वभावानं भित्रे. त्यांनी माझी सोयरीक नदीच्या खालच्या अंगाच्या गावात केली, सुकलालभाईंच्या धाकट्या मुलाशी. गिरधर त्याचं नाव. आमच्या दोन गावांमध्ये तापीचा लांबच लांब डोह होता, भर उन्हाळ्यातही त्यात बांबू टेकत नसे. गाडीवाटेनं यायचं तर काठच्या दऱ्यांना वळसे घालून घालून बैलांच्या तोंडाला फेस यायचा. नदीनं मात्र सोपं. चैत्र-वैशाखात दुपार कलली की पश्चिमेचा वारा सुटतो. तो शिडात भरला की होडी पाण्याच्या उलट आपोआप वर चढते. म्हणून सुकलालभाईंनी एक होडकं ठेवलं होतं. केळीचे घड, टरबुजं, गडीमाणसं, सगळं त्यातनं यायचं-जायचं.

ते होडकं म्हणजे गिरधरचा जीव. थोरला भाऊ शेतात राबायचा आणि हा नदीवर. भिला भोई नावाडी होता, पण शिडाला हात लावायचा तो गिरधरनंच. मी घाटावर धुणं घेऊन बसले की ते गडद तपकिरी, ठिगळा-ठिगळाचं शीड वळणावर दिसायचं. तसलं शीड सबंध नदीवर दुसरं नव्हतं. मैत्रिणी कोपरानं ढोसायच्या, "देख, ऊना तुन्हा." मी आपली मान खाली घालून तेच लुगडं पुन्हा पुन्हा आपटत बसायची. आम्ही एकमेकांशी कधी बोललो नाही, तशी पद्धतच नव्हती. एकदा फक्त त्यानं घाटाच्या पायरीवर एक टरबूज ठेवलं आणि होडी लोटून निघून गेला. ते मैत्रिणींनी खाल्लं. बिया मी पदरात बांधून घरी आणल्या आणि आईला काही सांगितलं नाही.

लग्न ठरलं वैशाखात, गोरज मुहूर्तावर. गिरधरनं घरी सांगितलं की वरात होडीनं नेऊ, आणि जुनं शीड जीर्ण झालंय तर नवं करू. आता यात वाईट काय होतं? माणसाला आपल्या लग्नाची हौस असतेच. पुढचं सगळं मला भिलानं सांगितलं, पुष्कळ मागाहून. गिरधरनं त्या विषयावर माझ्याजवळ उभ्या जन्मात एक अक्षर काढलं नाही.

नंदुरबारच्या बाजारात त्यांनी दोन कापडं पाहिली. एक दोसुती, जाडजूड, मळकट, हाताला खरखरीत लागणारी. दुसरं रेल्वेनं सुरतेकडून आलेलं मिलचं लाल कापड, चकचकीत, कडक, बोटांत धरलं की कागदासारखं वाजणारं. गिरधरला दोसुती हवी होती. ती आधी नदीत भिजवून पुरती आटवायची, मग बाभळीच्या सालीच्या पाण्यात उकळायची, सावलीत वाळवायची आणि मगच बेतायची. तसं केलेलं शीड पाण्यानं कुजत नाही आणि वाऱ्याला सोडत नाही. जुनं शीडही त्यानं तसंच केलं होतं. फक्त सालीनं कापडाला जो रंग चढतो तो गडद तपकिरी, लांबून पाहिलं तर काळाच.

हे ऐकलं आणि जसोदाबाईंनी, म्हणजे माझ्या सासूनं, कपाळाला हात लावला. आमच्यात लग्नाला सगळं कोरं लागतं. नवरदेवाचं धोतर कोरं, नवरीचं लुगडं कोरं, रुखवतावर झाकायचा फडकासुद्धा कोरा. कोरं म्हणजे पाण्याचा थेंब न लागलेलं. धुतलेलं वस्त्र मंगलाला चालत नाही. आणि हा पोरगा कापड धुणार, उकळणार आणि वरून काळं करणार म्हणतोय.

"लगीन शे का मयत?" त्या म्हणाल्या. "काया शीडखाले मन्हा पोऱ्यानी वरात जावाव नही. लाल ली ये, आन कोरंच बांध."

गिरधरनं समजावून पाहिलं. लाल कापडात निम्मी खळ आहे, पाणी लागलं की ती वाहून जाईल आणि हातात जाळी उरेल, असं त्यानं परोपरीनं सांगितलं. सासरे काय, नंदीबैल. बायको बोलेल तिकडे मान हलवायची. शेवटी गिरधर म्हणाला, मग राहू दे नवं, लग्नापुरतं जुनंच बांधतो. त्यावर सासूबाईंनी ताट सारलं आणि दुपारची जेवल्या नाहीत, रात्रीही जेवल्या नाहीत. आई उपाशी बसली की मुलाची काय टाप आहे बोलायची? लाल कापड आलं. शिंप्यानं शीड शिवलं, कडेनं पिवळी झालर लावली. आणि जुनं शीड बाईंनी आचाऱ्याला देऊन टाकलं, चुलाण्याला वाऱ्याचा आडोसा करायला. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, तसं झालं ते होडकं.

आमच्या गावात बातमी आली की वरात लाल शिडाच्या होडीतून येणार. खोटं कशाला बोलू, मलाही हरीख झाला. असं कुणाच्या लग्नात झालं नव्हतं. वडिलांनी तर गावभर सांगून ठेवलं. घाटावरच्या टेकाडावर दोन माणसं बसवली. लाल शीड दिसलं रे दिसलं की हाळी द्यायची, म्हणजे वाजंत्री घेऊन सगळे सामोरे जातील.

लग्नाच्या दिवशी मला हळद लागली. दुपारी नवऱ्याकडच्या बैलगाड्या आल्या. त्यांत माझी लुगडी, दागिने, काही पाहुणे आणि गाड्यांबरोबर गिरधरचा थोरला भाऊ शांतीलाल. त्याची बायको आदल्या वर्षी वारली होती, मागे छबू नावाची रांगती पोर. तो येऊन मांडवाच्या कडेला घोंगडीवर बसला. पाणी दिलं ते प्यायला, कुणाशी फारसं बोलला नाही. मी खिडकीतून पाहिलं आणि मनात म्हटलं, हे आपले जेठ, यांच्यासमोर आता जन्मभर पदर पुढे ओढायचा.

तिकडे नदीवर वरात वाजत-गाजत निघाली होती. सासूबाई होडीच्या पुढच्या टोकाला पाटावर बसल्या होत्या, काठावरच्या लोकांनी पाहावं म्हणून. लोकांनी पाहिलंही. पहिला टप्पा छान गेला. मग वारा जरा मंदावला, होडीत माणसं भारंभार, वेग पडला. तेव्हा भिलानं नेहमीची गोष्ट केली. वारा कमी झाला की भोई शिडावर पाणी मारतात. ओलं झालं की धागे फुगतात, भोकं बुजतात आणि शीड आहे तो वारा धरून ठेवतं. जुन्या शिडावर त्यानं हे हजारदा केलं होतं. हाताला सवय, डोक्याला विचारायचं कशाला? गिरधर 'नको' म्हणून ओरडेपर्यंत बादली मारून झाली होती.

खळ पांढरी होऊन ओघळली. मागून रंग ओघळला. लोकांच्या फेट्यांवर, नवरदेवाच्या कोऱ्या धोतरावर, सासूबाईंच्या डोक्यावर लाल पाणी. वर बांबूला उरलं ते पुरण गाळायला घ्यावं असलं फडकं. वारा त्यातून आरपार जायला लागला. आणि नेमका तेव्हा जोराचा झोत आला, तर ते शिवणीवर उभं फाटलं. गिरधरनं ते उतरवलं, होडी काठाला घेतली, दोर बांधला आणि दोर खांद्यावर घेऊन स्वतः काठाच्या दगडांतून ओढायला लागला. डोक्याला बाशिंग, हळदीचं अंग. भिला त्याच्या मागे. उंच कडा, पायाखाली घसरण, समोरून पाणी. बाई पाटावरच बसून होत्या म्हणे, आणि जोरात ओढा म्हणत होत्या.

आमच्याकडे ऊन उतरायला लागलं. टेकाडावरून हाळी येईना. वडील सारखा माणूस धाडायचे आणि माणूस परत येऊन सांगायचा, लाल काही दिसत नाही. मग एक निरोप आला. काठाकाठानं एक होडकं येतंय, दोरानं ओढत आणतायत, पण त्याला शीड नाही. कुणी मासळीवाला भोई असेल. मी आतल्या खोलीत बसले होते, पण हे मला ऐकू आलं. वडील स्वतः टेकाडावर गेले. मावळतीचं ऊन डोळ्यांवर, माणसं ओळखू येत नव्हती; त्यांनी ते बिनशिडाचं होडकं आपल्या डोळ्यांनी पाहिलं आणि परत आले. जुनं तपकिरी शीड असतं ना, तर घाटावरच्या शेंबड्या पोरानंही सांगितलं असतं की गिरधर आला. पण सगळा गाव लाल रंगाची वाट पाहत बसला होता.

मांडवात बैठक बसली. भटजी म्हणाले, मुहूर्त चाललाय, पुढे गुरूचा अस्त आहे, मग चातुर्मास लागतो. बायका म्हणाल्या, हळदीची पोर तशीच ठेवली तर तिला पुन्हा कोण विचारणार? वारा पडला असेल, आज काही वरात पोचत नाही, असं सगळ्यांचं ठरलं. मग कुणीतरी म्हणालं, घर तेच आहे ना? थोरला मांडवातच बसलाय, त्यालाही बायको नाही. शांतीलाल दोनदा नाही म्हणाला. मग त्याला सांगितलं की तुमच्या घराचा शब्द जातोय, तेव्हा तो गप्प झाला. गप्प म्हणजे कबूल, असा आमच्याकडचा न्याय.

वडील मला सांगायला आत आले. नवऱ्यामुलीनं तोंड उघडायचं नसतं, पण मी उघडलं.

"दादा, एकदाव माणूस धाडा," मी म्हटलं. "ते होडकं त्यासनंच व्हई."

ते माझ्याकडे बघेनात. "त्याले शीड नही शे, बाई," ते म्हणाले आणि बाहेर गेले.

लोक म्हणतील, बापानं पोरीचं भलं पाहिलं. मी म्हणते, बाप घाबरला. टेकाड किती लांब होतं? काठाला उतरून कुणी एक हाक मारली असती तरी पुरे होतं. पण दहा तोंडांना उत्तर देण्यापेक्षा एका पोरीचं तोंड बंद करणं सोपं. आईनं माझा पदर नाकापर्यंत ओढला आणि मला बोहल्यावर नेऊन उभी केली. अंतरपाट धरला. पलीकडे कुणाचे पाय आहेत ते मला दिसत होतं. भेगाळलेले, शेतात राबलेले, थोराड पाय.

अक्षता पडल्या. माणसं पानावर बसायच्या गडबडीत होती, तेवढ्यात घाटाकडून ताशाचा आवाज आला, भिजलेला, बद्द. वरातीमागून घोडं म्हणतात. इथं लग्नामागून वरात आली.

गिरधर पुढे होता. बाशिंग एका कानावर कललेलं, धोतरावर लाल डाग, खांदा दोरानं सोलवटलेला. तो मांडवाच्या दारात थांबला. त्यानं मला पाहिलं, माझ्या शेजारी भावाला पाहिलं, आमच्या उपरण्याची गाठ पाहिली. त्याच्या मागून सासूबाई आल्या, आणि मला वाटलं, आता ही बाई आकाशपाताळ एक करणार. माझी सगळी आशा त्या घटकेला तिच्यावर होती, सांगा. तिनं आरडाओरडा केला, नाही असं नाही. भटजीला बोलली, माझ्या वडिलांना बोलली, भिलाच्या सात पिढ्या उद्धरल्या. शिडाचं नाव मात्र कुणी काढू दिलं नाही. मग दमली. जवळ आली, माझी हनुवटी वर केली आणि दागिने नीट घातलेत का ते पाहिलं.

"पोर मन्हाच घरमा ऊनी ना? मंग झायं," ती म्हणाली. आणि वळून गिरधरला म्हणाली, "पाया पड. भाभी शे तुन्ही."

तो वाकला. सोलवटलेल्या हातानं त्यानं माझ्या पायांना शिवलं. हळद अजून आम्हा दोघांच्याही अंगावर होती.

शांतीलाल माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर शिव्या तरी घालता आल्या असत्या. त्यानं मला कधी दुखवलं नाही आणि मी त्याला कधी हसून पाणी दिलं नाही. छबू माझ्या मांडीवर वाढली. गिरधरला मी दोन्ही वेळा वाढायची. तो ताटाकडे बघून जेवायचा, उठताना 'भाभी, बस' एवढंच. लाल शिडाचं काय झालं विचाराल, तर सासूबाईंनी फुकट जाऊ नये म्हणून त्याची पोतेरी केली. त्या घरातली पहिली चूल मी माझ्याच वरातीच्या शिडानं सारवली.

पुढच्या वर्षी गिरधरचं लग्न ठरलं, रुखमाबाईशी. तिचं गाव आमच्या गावाच्याही वर, नदीकाठालाच. वरात होडीनं न्यायची की गाडीनं, असा विषय निघाला आणि सासूबाई आपण होऊन म्हणाल्या की होडीनंच, आणि या खेपेला शीड दोसुतीचं, आधी नीट धुऊन घ्या. मी तिथं भाकरी थापत होते. मी विचारलं, आई, लग्नात धुतलेलं चालतं का? त्यांनी पापणीसुद्धा हलवली नाही.

"शास्त्रमा कोठे लिखेल शे?" त्या म्हणाल्या. "दोसुती तूच धुय. तुन्हा हात चांगला शे."

बैल गेला आणि झोपा केला. आणि झोपा शाकारायला बसवली कुणाला, तर मला. मी ते कापड नदीवर नेलं. भिजवलं, आपटलं, पिळलं, वाळवलं, पुन्हा भिजवलं. ते आटत गेलं, घट्ट होत गेलं. बाभळीची साल लग्नाच्या हंड्यात उकळली, त्यात कापड बुडवून काठीनं हलवत बसले. धुरानं डोळ्यांतून पाणी येत होतं, त्यामुळे कुणाला काही सांगावं लागलं नाही. हात कोपरापर्यंत तपकिरी झाले. गिरधर वाळलेलं कापड न्यायला आला. त्यानं ते दोन्ही हातांत ताणून पाहिलं, उजेडाकडे धरलं. एकही भोक दिसत नव्हतं.

"भाभी, बेस झायं," तो म्हणाला.

"धुयेल शे," मी म्हटलं. "चालई ना?"

त्यानं कापडाची घडी घातली आणि गेला.

वरातीच्या दिवशी मी छबूला घेऊन होडीत बसले. थोरली जाऊ म्हणून नवरीची ओटी मलाच भरायची होती. वारा सुटला, शीड भरलं आणि होडी अशी निघाली की भिलानं वल्ह्याला हात लावला नाही. असं शीड मी आयुष्यात पाहिलेलं नाही. मीच केलेलं होतं तरी म्हणते. ऊन अजून चांगलं वर होतं आणि आमच्या गावाचं वळण आलं. घाटावर धुणं धुणाऱ्या पोरी उठून उभ्या राहिल्या. टेकाडावर माझे वडील उभे होते. त्यांनी दोन्ही हात वर केले आणि मोठ्यानं हाक घातली.

"जसोदाबेन, दूरथीन वयखं तुमनं शीड."

लांबूनच शीड ओळखलं म्हणे. सासूबाईंनी हसून हात हलवला. गिरधर शिडाचा दोर धरून पाठमोरा उभा होता, त्यानं वळून पाहिलं नाही. मी तपकिरी हातांनी पदर पुढे ओढून घेतला. वारा चांगला होता, घाट लवकरच मागे पडला.